पाळणाघराच्या खिडक्या बंद का ठेवाव्या लागतात?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी मानेवाड्याला राहते, बुटीबोरी एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि मला सव्वादोन वर्षांचा मुलगा आहे. दसऱ्याच्या आधीपासून हे पत्र लिहीन लिहीन म्हणत होते, आज तो लवकर झोपला म्हणून बसले, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

यंदा, २०२१ मध्ये, ४ ऑक्टोबरपासून आपल्या शहरात कोरोनामुळे बंद असलेल्या आठवी ते बारावीच्या शाळा सुरू झाल्या, घटस्थापनेला मंदिरं उघडली, आता २२ तारखेपासून थिएटरही सुरू होतंय. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण नागपूरकरांनी जे पाहिलं त्यानंतर रोजचे पेशंट बोटावर मोजण्याइतके राहिलेत हे वाचूनच किती बरं वाटतं. आमच्या ऑफिसनेही मेल टाकला की दिवाळीनंतर ८ नोव्हेंबरपासून सगळ्यांनी रोज यायचं, घरून काम बंद. ठीक आहे, काम आहे तर जावंच लागेल, पण माझी बस सकाळी ७:२० ला छत्रपती चौकातून निघते आणि संध्याकाळी साडेसहाशिवाय मी घरी पोचत नाही, मग तेवढे अकरा तास मुलगा कुठे राहणार?

म्हणून मी पाळणाघराचे नियम काय आहेत ते विचारायला लागले. एका सरकारी ऑफिसात सांगितलं की छोट्या मुलांच्या शाळा बंद आहेत म्हणजे पाळणाघरही बंदच समजा. दुसरीकडे सांगितलं की ते तर कोणाच्या घरी चालते ना मॅडम, त्याला कशाची परवानगी. तिसरीकडे फोन केला तर म्हणाले आमच्याकडे तो विषयच येत नाही. तिन्ही ठिकाणी माणसं नीटच बोलली, कोणी उडवून लावलं नाही, पण लेखी काही आहे का विचारलं की तिघंही गप्प.

मग मी आमच्या जुन्या पाळणाघरवाल्या काकूंकडे गेले. जानेवारी २०२० मध्ये माझी बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मुलगा त्यांच्याकडेच होता, तेव्हा चौदा मुलं होती, मार्चमध्ये सगळं बंद झालं. काकूंचं घर त्याच्यावरच चालायचं, मधे त्यांनी डबे केले, लोणची विकली. आता पुन्हा सहा मुलं येतात. पण मी गेले तेव्हा दुपारी एक वाजता सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एसी सुरू आणि टीव्ही मोठ्याने लावलेला, मुलं खाली गादीवर झोपलेली. मी म्हटलं काकू खिडकी तरी उघडा, तर म्हणाल्या, "बापा, उघडू कशी? पोट्टे रडले का आवाज खालपर्यंत जाते. मागच्या महिन्यात एकानं विचारलंच, परवानगी हाय का म्हणून."

संपादक साहेब, हे ऐकल्यापासून मला झोप नाही. कारण कोरोना हवेतून पसरतो, मे महिन्यात केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसनेच सूचना काढली होती की बारीक तुषार हवेत १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारं खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा. आणि आमच्या काकू, ज्यांचे लसीचे दोन्ही डोस झालेत, ज्या दिवसातून चार वेळा मुलांचे हात धुतात, त्या फक्त भीतीपायी बरोब्बर उलटं करून राहिल्या. एसीची हवा तर खोलीतल्या खोलीत फिरत राहते. आपल्याकडे खिडकीत बाहेरून कूलर लावतो ना, तो बाहेरची हवा आत ओढतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवली तर आतली हवा बाहेर जाते, ऑक्टोबरच्या उकाड्यात एवढं जरी केलं तरी खोलीत फरक पडेल. पण कूलर चालवायचा तर खिडकी उघडी हवी, आणि खिडकी उघडायची तर परवानगीबद्दल कोणी विचारलं तर सांगायला उत्तर हवं.

गुपचूप चालण्याचा दुसरा तोटा त्याहून मोठा आहे. यंदा डेंग्यूने केवढा जोर केला आपल्या शहरात, त्यात साधा व्हायरल, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचं अंग गरम झालं तर ते कशाने हे पहिल्या दिवशी डॉक्टरही सांगू शकत नाहीत. अशा वेळी एका घरात ताप आला तर बाकी पाच घरांना त्याच दिवशी कळायला पाहिजे. पण जिथे मूल पाठवतो हेच कोणी उघड बोलत नाही तिथे ताप कोण सांगणार? आईला वाटते आपण सांगितलं तर आपल्या मुलाला काढून टाकतील आणि आपली सुट्टी जाईल, काकूला वाटते पाळणाघर बंद पडेल, मग औषध पाजून मूल पाठवलं जातं. मी कोणाला दोष देत नाही, मीसुद्धा कदाचित तेच केलं असतं.

शाळेचे नियम पाळणाघराला लावून चालत नाही हे कोणी समजून घ्यावं असं मला फार वाटतं. सव्वादोन वर्षांचं मूल मास्क लावत नाही, आणि लावूही नये, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय आणि जूनमध्ये आपल्या केंद्रानेही सांगितलं. सहा फूट अंतर तर विसराच, त्याला उचलावं लागते, भरवावं लागते, धुवावं लागते. म्हणून इथे सगळा भार मोठ्या माणसांवर आहे. सांभाळणाऱ्या बाईचे दोन्ही डोस, तिचा मास्क, रोज तीच मुलं आणि तीच बाई, मुलाला दारातच घ्यायचं द्यायचं, आणि तापाचा निरोप त्याच दिवशी सगळ्यांना. एवढ्या चार ओळी कोणी सही करून दिल्या तरी पुष्कळ झालं.

बरं, लहान मुलांचं नेमकं काय होते याची माहितीही आमच्यापर्यंत येत नाही. जुलैमध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या चौथ्या सिरो सर्व्हेत, म्हणजे रक्ततपासणीच्या पाहणीत, ६ ते १७ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये अँटीबॉडी, म्हणजे कोरोना होऊन गेल्याची खूण, सापडल्या आणि संस्थेचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव म्हणाले की शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिकच्या उघडणं शहाणपणाचं, मुलं या व्हायरसला मोठ्यांपेक्षा बरी तोंड देतात. मला धीर आला होता ते वाचून. पण तो सर्व्हे सहाव्या वर्षापासून सुरू होतो, माझा मुलगा त्यात नाही. लोक म्हणतात लसीची वाट पाहा, १२ तारखेला तज्ज्ञ समितीने २ ते १८ साठी कोव्हॅक्सिनची शिफारस केली हे मीही वाचलं, पण मंजुरी कधी, दंडात कधी, ८ नोव्हेंबरला तर मला बसमध्ये बसायचंय.

ओळखीचे सगळे एकच सांगतात, आजी-आजोबांकडे ठेव ना, घरचं ते घरचं. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, ६८ वर्षांचे, शुगर आहे, एप्रिलमध्ये अकरा दिवस ऑक्सिजनवर होते, अजून जिना चढले की दम लागतो. सासूबाईंचे गुडघे गेलेत. दिवसभर धावणारं मूल त्यांच्यावर सोपवायचं, आणि मी रोज चाळीस जणांच्या बसमधून येऊन त्याच घरात शिरायचं, याला सुरक्षित कसं म्हणायचं? घरात ठेवलं की धोका संपला असं धरून चालतात सगळे, तो फक्त म्हाताऱ्या माणसांकडे सरकतो.

आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंकडे तर तोही पर्याय नाही. त्यांची मुलगी चौथीत आहे, तिची शाळा अजून बंद, म्हणून नऊ वर्षांची ती पोर दीड वर्षाच्या भावाला घेऊन दिवसभर खोलीत बसते, दूध गरम करते. तिची शाळा आणि धाकट्यासाठी एखादं पाळणाघर सुरू असतं तर निदान काही तास तरी दोघांकडे कोणी मोठ्या माणसाने पाहिलं असतं. मला माझ्या अडचणीपेक्षा हे जास्त टोचते.

आणि एक गोष्ट कंपन्यांबद्दल. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीत लिहिलंय की ५० किंवा जास्त लोक कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता आलं पाहिजे. २६ आठवड्यांची रजा सगळ्यांना माहीत झाली, हे दुसरं कलम कोणी काढत नाही. सगळ्यांना रोज बोलवायचं तर त्याच मेलमध्ये या सोयीची एक ओळ असायला हवी होती. मी एचआरला विचारलं तर म्हणाले, सध्या कोविडमुळे ते शक्य नाही. म्हणजे कोविडमध्ये आम्ही येणं शक्य आहे, आमच्या मुलांची सोय शक्य नाही. बुटीबोरी, हिंगणा, मिहान मिळून किती आया रोज जातात, चार कंपन्यांनी एकत्र येऊन जवळपास एक मोठं हवेशीर घर घेतलं तरी होईल, कायद्यात एकत्र सोयीला मनाई नाही.

आमच्यापुरतं सांगते. सहाही मुलांचे आईवडील परवा काकूंच्या गच्चीवर भेटलो, पहिल्यांदाच सगळे समोरासमोर. ठरलं की खिडक्या उघडायच्या, पण उघड्या खिडकीतून डास येणार आणि डेंग्यूची भीती आहेच, म्हणून पैसे गोळा करून पाचही खिडक्यांना जाळी बसवायची, ताप आला तर ग्रुपवर लगेच टाकायचं आणि त्या दिवसांची फी काकूंची कापायची नाही. मी माझ्या मुलाला ८ तारखेपासून पाठवणार आहे, भीती वाटते, पण पाठवणार आहे. काकू सगळ्याला हो म्हणाल्या, फक्त एवढंच म्हणाल्या की कोणी विचारायला आलं तर दाखवायला एक कागद असता तर बरं झालं असतं.

जाळीवाला रविवारी येतोय. त्याआधी संबंधित ऑफिसने तुमच्या पेपरमधून दोन ओळींचं उत्तर दिलं तर ते कापून मी काकूंच्या दारावर लावीन.

आपली,
एक आई
मानेवाडा, नागपूर
२० ऑक्टोबर २०२१