साइट सुपरवायझर आणि फोरमन मंडळी, पावसाआधी एवढं कराच

मंडळी नमस्कार, पाऊस तोंडावर आलाय. मुंबईत जूनची पहिली जोरदार सर आली की परांची निसरडी होते, बेसमेंटमध्ये पाणी साचतं आणि टेप मारलेल्या वायरी त्याच पाण्यात लोळत असतात, म्हणून आत्ताच राउंड मारा, आणि तो तुम्ही स्वतः मारा, सेफ्टी ऑफिसरवर ढकलू नका. साहेबच बिनहेल्मेटचे स्लॅबवर चढले तर बिगारी कशाला घालेल? सेफ्टी बेल्टचा हूक बऱ्याचदा नुसता कमरेला लटकत असतो, तो वर पक्क्या जागी अडकवलाय का ते हात लावून बघा. ईएलसीबीचं, म्हणजे करंट लीक झाला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा, ट्रिप झाला नाही तर त्या बोर्डावरचं काम बंद.

आणि प्लीज, कोणी येऊन सांगितलं की फळी हलतेय, थोडक्यात वाचलो, तर त्याच्यावर ओरडू नका, हजेरी कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही आणि आपल्याला कळेल ते डायरेक्ट ॲम्ब्युलन्स आल्यावर. 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ आपण सगळेच घेतो, ती आता पाळायची वेळ आहे.

राउंड झाला की फोटो ग्रुपवर टाका, काय सापडलं आणि कधीपर्यंत दुरुस्त होणार तेही लिहा.