भुताच्या पुस्तकांचं परीक्षण का येत नाही?

प्रति,
संपादक, रविवार पुरवणी

स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी आधी वाचते, मग बाकीचा पेपर, आणि हे वर्षानुवर्षं चालू आहे म्हणून जरा हक्काने लिहितेय. या पानावर कवितासंग्रह येतात, चरित्रं येतात, निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी तर इतक्या येतात की विचारू नका, पण भयकथा किंवा गूढकथेचं पुस्तक आलं की त्याची रवानगी थेट 'साभार पोच'मध्ये. नाव, प्रकाशक, पानं, किंमत, झालं. चांगलं आहे की टुकार, कुणी उघडून बघितलं तरी का, काही कळायला मार्ग नाही. मग माझ्यासारखी बाई प्रदर्शनात कव्हर बघून साडेतीनशे रुपये घालवते. त्याबद्दल पुढे सांगतेच.

सध्या मी बहुतेक भुताखेतांचंच वाचतेय. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, अगं काहीतरी चांगलं वाच ना. म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, पण मला कळलं, तुमच्या पानावर ज्याचं परीक्षण येतं ते चांगलं. तर माझं म्हणणं असं आहे की चांगली भयकथा ही मुळात घरसंसाराची गोष्ट असते. हप्ते, आजारपण, पोरांची काळजी, म्हाताऱ्या माणसांचं करणं हे सगळं लेखकाने आधी नीट मांडलं असेल तरच नंतर येणारं भूत अंगावर येतं, नाहीतर ते नुसतं बुजगावणं.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची 'माकडाचा पंजा' ही १९०२ची गोष्ट घ्या, शाळेत असताना कुणी ना कुणी सांगितलेलीच असते, पण आता मूळ वाचली तेव्हा लक्षात आलं की ही होम लोनची गोष्ट आहे हो! त्या म्हाताऱ्याला तीन इच्छा मिळतात तर तो राज्य मागत नाही की तारुण्य मागत नाही, घराचं कर्ज फेडायला दोनशे पौंड मागतो, तेही पोरगा गमतीत सुचवतो म्हणून. दुसऱ्या दिवशी पोरगा कारखान्यात मशिनमध्ये सापडून जातो आणि कंपनीचा माणूस भरपाई घेऊन येतो, बरोब्बर दोनशे पौंड. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांवर बँकेचा बोजा आहे, इथे ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. पुढे आई हट्टाने नवऱ्याला दुसरी इच्छा मागायला लावते, पोरगा परत येऊ दे, आणि बराच वेळ काहीच होत नाही, नंतर दारावर थाप पडते तेव्हा ती म्हणते, अगबाई, कबरस्तान दोन मैलांवर आहे हे मी विसरलेच होते. म्हणजे त्याला चालत यायला तेवढा वेळ लागला. भूत कुठेही दिसत नाही, फक्त अंतराचा हिशोब आहे, आणि माझ्या तर अंगावर काटा आला.

स्टीफन किंगची 'पेट सेमेटरी' (१९८३) मात्र मी दोनदा खाली ठेवली. कारण वेगळं होतं. त्यात घरासमोरून हायवे जातो आणि त्यावरून दिवसरात्र मोठे ट्रक भरधाव जातात, आधी मांजर जातं, मग लहान मुलगा. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाने हे कसं वाचायचं तुम्हीच सांगा. आमच्याकडे रात्री गुजरातकडून येणारे नि जेएनपीटी बंदराकडे जाणारे कंटेनर सुरू झाले की खिडकीच्या काचा वाजतात आणि सकाळी स्कूल बससाठी पोरांना याच रस्त्याच्या कडेला उभं करायचं असतं. किंगने हे हवेतून काढलेलं नाही, तो खरंच मेन राज्यात अशाच रस्त्यालगत भाड्याच्या घरात राहत होता आणि त्याच्या मुलीचं मांजर तिथे गाडीखाली गेलं होतं, हे त्याने स्वतः लिहिलंय. पुस्तकातला बाप डॉक्टर आहे, शिकलेला, मेलेलं माणूस मेलेलं असतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार, तरी तो पोराला मेलेल्याला परत उठवणाऱ्या त्या भलत्या जमिनीत पुरायला निघतो आणि वाचताना आपल्याला राग येत नाही, उलट वाटतं मीही गेले असते. इथे पुस्तक जिंकतं. शेवटी शेवटी जी कापाकापी आहे ती मला अनावश्यक वाटली, कुदळ-फावडं घेऊन बाप रात्री कबरस्तानाचं कुंपण चढतो तिथे जी भीती आहे तिच्या पुढे चाकू म्हणजे काहीच नाही.

शर्ली जॅक्सन यांची 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस' (१९५९) ही सगळ्यात वरची. त्यातली एलिनॉर अकरा वर्षं आजारी आईचं करत असते. आई गेली त्या रात्री तिने भिंतीवर ठोकून हाक मारली होती आणि ही उठली नाही, किंवा जाग येऊनही उठली नसेल, हे तिचं तिलाच धड माहीत नाही, आणि आता या भुतांच्या घरात रात्री कुणीतरी दारांवर ठोकत फिरतंय. घरी आजारी माणूस असलेल्या कुठल्याही सुनेला किंवा लेकीला विचारा रात्रीच्या हाकेचा अर्थ काय असतो ते. आणि तो हाताचा प्रसंग! अंधारात ती मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडलेली असते, दिवा लागतो तर मैत्रीण पलीकडच्या पलंगावर. मग हात कुणाचा होता? बस, लेखिका पुढे एक शब्द सांगत नाही. मी ते पान वाचून लाइट चालू ठेवून झोपले आणि नवऱ्याने बिलावरून ऐकवलं.

'फ्रँकेन्स्टाइन' ठीक. तो राक्षस चोरून वाचायला शिकतो तेवढा भाग आवडला, त्याला बनवणाऱ्या बापाची रडगाणी फार.

'ड्रॅक्युला' (१८९७) बद्दल सगळ्यांना वाटतं की माहिती आहे, सिनेमे बघितलेले असतात, पण पुस्तक वेगळंच आहे, सगळं डायऱ्या, पत्रं, तारा आणि पेपरातली कात्रणं यांतून सांगितलंय. सुरुवातीला तो वकील जोनाथन ट्रान्सिल्वानियाला निघालाय आणि वाटेत हॉटेलात पॅप्रिका घातलेली कोंबडी खातो, आवडते, तर डायरीत लिहितो की मीनासाठी रेसिपी घ्यायची. पुढे त्याच्यावर काय वेळ येणार आहे! आणि ही मीना, हिने रेल्वेचं टाइमटेबल पाठ केलंय, ड्रॅक्युलाच्या मागावर निघाल्यावर कुठली गाडी कधी हे ती तोंडपाठ सांगते. अशा बायका मी रोज ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर बघते, फास्ट किती मिनिटं लेट आहे हे इंडिकेटरच्या आधी त्यांना कळतं. मधला भाग लांबलाय खरा, ते पुरुष एकमेकांना फार शाबासक्या देतात.

आता मराठीकडे येते. नारायण धारप (१९२५–२००८) हे आमच्या पिढीने लपवून वाचले, आईबाप ओरडायचे म्हणून. त्यांची 'लुचाई' परत वाचायला मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणली. हे ग्रंथालय १८९३ साली वि. ल. भावे यांनी काढलेलं, ठाणेकरांना त्याचा किती अभिमान, पण धारपांचं पुस्तक मागायला गेलं की काउंटरवरचे काका हसतात, 'ताई, ते बाहेर गेलंय, नाव लिहून ठेवा.' म्हणजे वाचणारे आहेत! हातात आलं ते पुस्तक नव्याने बांधलेलं, कोपरे हाताळून मऊ पडलेले आणि एका पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'इथे थांबा. सकाळी वाचा.' खाली वेगळ्या अक्षरात, 'थांबलो नाही, पस्तावलो.' इतकं मोजकं परीक्षण तुमच्या पानावर तरी येतं का?

'लुचाई' ही किंगच्या 'सेलम्स लॉट'वर (१९७५) बेतलेली हे आता सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून काही लोक नाक मुरडतात. मुरडा, पण मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा तरी. धारपांनी नुसती नावं बदललेली नाहीत, माणसं आपली केली आहेत. गावातलं एकेक घर कसं विझत जातं, सकाळी कुणाचं दार उघडत नाही, शेजारी म्हणतो असतील कुठे गेले, हे वाचताना मला एकदम व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आठवली. कुठे धारप आणि कुठे माडगूळकर असं तुम्ही म्हणाल, पण 'बनगरवाडी'चा शेवट आठवा, दुष्काळात धनगर मेंढरं घेऊन निघून जातात आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत वाडी ओस पडते. एका पुस्तकात गाव भुताने रिकामं केलं आणि दुसऱ्यात न आलेल्या पावसाने. भीती मला दोन्हीकडे तीच वाटली, खरं सांगायचं तर 'बनगरवाडी'त जास्त, कारण तिथे धारपांचे ते भुतं पळवून लावणारे नायक, समर्थ, नाहीत. धारपांच्या समर्थांच्या गोष्टींत हीच मला अडचण वाटते, शेवटी ते येऊन सगळं निस्तरणार हे माहीत असतं, मग जीव वर-खाली होत नाही.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचं तसं नाही, तिथे वाचवायला कुणी येत नाही. त्यांची भुतं वाड्यात नसतात, ब्लॉकमध्ये असतात, नोकरदार माणसांच्या मनात असतात. स्वतः बरीच वर्षं बँकेत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे पगारदार घराची कुचंबणा त्यांना आतून माहीत होती. त्यांची 'खेकडा' ही कथा आजही पुरी करायला धीर लागतो. आणि याच माणसाने 'अलबत्या गलबत्या' लिहिलं, ज्यातल्या चिंची चेटकिणीला बघून माझी मुलगी आधी माझ्या मांडीत घुसली आणि मग घरी येऊन आठवडाभर चिंचीच होऊन फिरली. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' भयकथा म्हणून कुणी सांगत नाही, मोठं साहित्य म्हणतात, पण तिथे देव कुठे संपतो आणि भूत कुठे सुरू होतं हे मला अजून कळलेलं नाही. जी. ए. कुलकर्णींचंही तेच. त्यांच्या गोष्टी वाचून जी झोप उडते तिला आपण 'नियतीचं भान' म्हणतो, धारपांमुळे उडाली की 'करमणूक'.

आता ते साडेतीनशे रुपये. नाव लिहीत नाही, नवीन लेखक आहे, उगाच कशाला. कव्हरवर लाल डोळे, आत जवळपास प्रत्येक गोष्ट अमावास्येला सुरू होते, प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीन-तीन टिंबं आणि उद्गारचिन्हांचा तर सडा. एक मित्रमंडळ गाडीने कोकणात जातं, गाडी बंद पडते, समोर पडका वाडा. हे चौघे काय करतात, पोट कशावर भरतात, घरी कोण आहे, काही नाही, फक्त मरायला आलेत. त्यांना काही झालं तर मला काय त्याचं? आणि कोकणातली भुतं तरी नीट आणावीत की नाही! माझ्या सासूबाई सावंतवाडीकडच्या, त्यांना त्यातली एक गोष्ट वाचून दाखवली तर त्या वैतागल्याच. 'अगो, देवचार असो करता? तो गावाची राखण करता, रात्री वाट दाखवता, तेका खवीस कित्याक करून ठेवल्यान?' त्यांच्याकडे मुंजा वेगळा, समंध वेगळा, पाण्यातला गिऱ्हा वेगळा, वाट चुकवणारा चकवा वेगळा, प्रत्येकाची जागा नि कारण ठरलेलं. मुंजा पिंपळावर का, तर मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी गेला म्हणून. म्हणजे त्यातही एका घरातलं दुःखच आहे ना? लेखकाने सगळ्यांना एकत्र करून नुसतं किंचाळायला लावलंय. हे कुणीतरी छापील लिहायला नको का? पुस्तक वाईट आहे असं परीक्षणात आलं तरी चालेल, लेखकाला पुढच्या वेळी उपयोग होईल, आणि माझे पैसे वाचतील.

वाचकच नाहीत असं तर म्हणूच नका. 'तुंबाड' (२०१८) सिनेमामागे धारपांची गोष्ट आहे, दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ती नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितली होती. तो सिनेमा २०२४मध्ये परत लागला तेव्हा लोक पुन्हा गर्दी करून गेले, आमच्या सोसायटीतली कॉलेजची पोरं दुसऱ्यांदा जाऊन आली आणि येऊन मला विचारत होती, काकू, तुमच्याकडे धारप आहेत का? ज्यांना मराठी वाचायला लावायचं म्हणून आपण परिसंवाद भरवतो तीच ही पोरं. मी त्यांना काय देऊ नि काय नको हे माझ्या अकलेने ठरवलं, पेपर बघून नाही, कारण पेपरात काही नव्हतंच.

तर विनंती एवढीच, महिन्यातून एक रविवार तरी भय, गूढ, रहस्य अशा पुस्तकांना द्या, नव्या-जुन्या दोन्ही. परीक्षण करायला असं माणूस घ्या ज्याला हा प्रकार मनापासून आवडतो, नाहीतर 'वाचनीय संग्रह, मुखपृष्ठ आकर्षक' एवढंच छापून येईल. दिवाळी अंकांचा आढावा घेताना 'धनंजय' आणि 'नवल' यांना एका वाक्यात उरकू नका, त्यातल्या दोन-तीन गोष्टी खरंच वाचून त्यांच्याबद्दल लिहा. आणि शक्य असेल तर आमच्या टॉवरमधलं भूत कुणी लिहिलंय का तेही शोधून सांगा. बिल्डरने पझेशन न दिलेले मजले, रात्री आपोआप थांबणारी लिफ्ट, समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं माहीत नाही, येऊरच्या जंगलातला बिबट्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत, इतका माल घोडबंदरला पडलाय आणि आमचे लेखक अजून पडक्या वाड्यातच कंदील घेऊन फिरतायत.

आपली,
एक वाचक,
मानपाडा, ठाणे (पश्चिम)

ता. क. पत्र लांबलंय हे मलाही दिसतंय. कापायचंच असेल तर फ्रँकेन्स्टाइन खुशाल कापा, पण सासूबाईंचं वाक्य ठेवा, त्यांना मी पेपरात येईल म्हणून सांगून बसलेय.