परसातल्या फरसबंदीविषयी

नागपूर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परसात कडुनिंबाच्या सावलीला १२ फूट बाय १० फुटांची गट्टूची (सिमेंटच्या ठोकळ्यांची) बैठक करायचे आपण ठरवले, याचा मला फार आनंद झाला. परंतु गट्टू आणण्याची घाई करू नये, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागच्या वेळी गवंड्याने काळ्या मातीवर वाळू पसरून थेट शहाबादी फरशी बसवली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तिची एक कड बोटभर वर आली. त्याच कडेला ठेच लागून आई पडली होती, हे मी विसरलेली नाही.

बाबा, ही माती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वैशाखात तिला एवढ्या भेगा पडतात की तुमच्या काठीचे टोक आत जाते, आणि मृगाचा पाऊस झाला की तीच माती फुगून फावड्याला अशी चिकटते की दर दोन घावांनी ती खरवडावी लागते. बेसॉल्टचा खडक झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. पाणी धरून ठेवणारी ही माती कपाशीला मानवते, पण तिच्यावर बसवलेली फरशी मात्र दरवर्षी वरखाली होते. म्हणून बैठकीखालची तेवढी माती काढणे हाच खरा उपाय आहे.

खड्डा दीड फूट खोल आणि चारही बाजूंनी अर्धा फूट जास्त, म्हणजे १३ फूट बाय ११ फूट घ्यावा. कडुनिंबाची मनगटाएवढी मुळी लागली तर ती तोडू नये, जागाच थोडी सरकवावी. निघालेली माती फेकू नका. आईच्या वांग्यांच्या वाफ्यात ती उपयोगी पडेल. खड्ड्याचा तळ धुम्मसने (जड ठोकणीने) ठोकून मग मुरूम भरायचा. सुमारे दोन ब्रास, म्हणजे दोनशे घनफूट, मुरूम पुरेल. मात्र तो एकदम ओतून वरवर ठोकला तर खालचा भाग पोकळ राहतो आणि पुढे खचतो. दाबल्यावर चार इंच राहील असा एकेक थर, एकूण तीन थर, प्रत्येक वेळी पाणी शिंपडून दाबावा. ओल किती हवी, ते मुठीत कळते: मुरूम आवळल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. ठोकण्याच्या या कामात मजूर हमखास कंटाळतात, म्हणून शेजारी कोणी तरी उभे राहिले पाहिजे.

मुरुमावर चार इंच गिट्टी, तिच्या फटी बुजतील इतकी चुरी (दगडाचा भुगा), आणि वर दीड इंच बारीक चुरीचा बिछाना. अडीच इंचांचे गट्टू त्यावर बसले की जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे दोन इंच उंच राहील. ढाळ मुरुमापासूनच धरावा, १० फुटांना दोन इंच, आणि तो घराच्या भिंतीकडून वाफ्यांकडे असावा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी पाहिली की ढाळ चुकत नाही. कडेला विटांची पट्टी सिमेंटमध्ये बसवून घ्यावी, नाही तर गट्टू हळूहळू बाहेर सरकतात. मोरीचे पाणीही आताच दुसरीकडे वळवावे. एका कडेची माती कायम ओली राहिली तर तीच बाजू आधी उचलली जाईल.

हे सगळे मृगाआधी उरकावे, कारण खड्ड्यात पाणी साचल्यावर तळ दाबता येत नाही. खड्डा झाला की फोटो पाठवा. मुरुमाची पहिली गाडी मी घरी पोहोचल्याशिवाय उतरवू नका. ठोकताना शेजारी मी उभी राहीन. तोपर्यंत आईने त्या जुन्या फरशीवर पाऊल टाकू नये.

तुमची लेक