कॅनडातल्या शिबिराला निघताना

फोंडा, गोवा

प्रिय दोस्ता,

मधुमेही मुलांच्या शिबिरात स्वयंसेवक म्हणून कॅनडाला निघालास, हे वाचून फार बरं वाटलं. परक्या देशातल्या मुलाशी नातं जुळवायचं कसं, असं तू विचारलंस. टाइप १ मधुमेह (शरीरात साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, तो) असलेल्या मुलाच्या बाबतीत ते मैदानावर कमी आणि त्याच्या बोटाच्या टोकाशी जास्त जुळतं.

आठ-नऊ वर्षांच्या अशा मुलाची बोटं जवळून बघ. कडेला बारीक काळे ठिपके दिसतील, टोचून टोचून झालेले. रक्तातली साखर तपासण्याआधी हात कोमट पाण्याने धुवायला लाव, कारण बोटाला फळाचा रस लागलेला असला तर आकडा खोटाच वर जातो. सुई पेराच्या मधोमध नको, कडेला. तिथे कमी दुखतं. आणि कुठलं बोट ते त्यालाच ठरवू दे. बाकी सगळं मोठ्यांनी ठरवलेलं असतं, एवढं तरी त्याचं असावं.

तिथलं साखर मोजायचं मीटर मिलिमोल प्रति लिटरमध्ये आकडा दाखवतं. १८ ने गुणलंस की आपल्याकडचा, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचा आकडा मिळतो. ४ म्हणजे ७२. ४ च्या खाली गेला की चालायलाही न लावता तिथेच बसव आणि १५ ग्रॅम साखर दे: दीडशे मिली फळांचा रस, किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा तपास. अजूनही खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट देऊ नकोस; त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा उतरते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, नर्सला हाक मारायची. ग्लुकागॉन, म्हणजे साखर झटकन वर आणणारं औषध, कुठे ठेवलंय ते पहिल्याच दिवशी बघून ठेव.

साखर उतरली की शहाणं पोरही चिडतं, रडतं, ‘जा इथून’ म्हणून ओरडतं. ते मनाला लावून घेऊ नकोस आणि दटावूही नकोस, आधी मीटर काढ. साखर वर आली की त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं होतं. त्या वेळी झाल्या गोष्टीचा उल्लेखही न करणारा माणूस त्याला आपला वाटतो.

आकडा १५ आला तर? ‘काय खाल्लंस?’ हा आपल्या घरातला पहिला प्रश्न. मुलाला तो आरोप वाटतो, आणि पुढच्या वेळी ते आकडाच लपवतं. नुसतं ‘बरं, कळलं’ म्हण आणि नर्सला सांग. आकड्याला चांगला-वाईट म्हणायचंच नाही.

दिवसभर पोहणं, होडी, धावणं झालं की साखर मध्यरात्रीनंतरही उतरते. म्हणून रात्रीची तपासणी. टॉर्च तोंडावर मारू नकोस, जमिनीकडे धर. आधी हळू आवाजात नाव घे, मग हात धर. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर चिकटवलेला असेल आणि मूल त्याच कुशीवर झोपलं असेल, तर दाबामुळे सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवतो. बोटावरून खात्री कर. ही तुझी रोजची हाक ओळखीची झाली, की झोपेतही मूल आपणहून हात पुढे करतं.

तू ज्या देशात चाललायस, तिथेच, टोरांटोत, जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी हा आजार झालेलं मूल सहसा फार काळ जगत नसे.

आता आपल्या सवयींविषयी. गालगुच्चा, मांडीवर घेणं, ‘घे रे, आणखी एक’ म्हणून पानात वाढणं, हे सगळं इथेच ठेवून जा. नेवऱ्या (करंज्या) तर मुळीच नेऊ नकोस. एका नेवरीत कर्बोदकं किती ते सांगता येत नाही, आणि इन्सुलिनचा डोस त्याच हिशेबावर ठरतो. मुलाबरोबर बंद खोलीत एकटा थांबू नकोस, दुसरं मोठं माणूस दिसेल असं बस.

निरोपाचं पहिल्याच दिवशी सांग: ‘मी अमुक वारी जाणार.’ ‘पुढच्या वर्षी येईन’ हे मात्र नक्की नसेल तर तोंडातून काढू नकोस. मूल वर्षभर वाट बघतं. खाजगी नंबर द्यायचा नाही, पत्र लिहायचंच तर शिबिराच्या पत्त्यावर.

जाताना पतंगाचा रंगीत कागद ने, सपाट ठेव. दुपारी ऊन चढलं की आकाशकंदील करायला बसव. बांबूच्या काड्या विमानतळावर अडकू शकतात, पण रसाच्या डब्यांच्या स्ट्रॉ रोज उरतातच. धुवून वाळवल्या की लहान कंदिलाचा सांगाडा होतो.

तुझा,
जुना दोस्त