माळ्यावरची जुनी विमाने भंगारात घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा मे महिन्यात बेळगावच्या शहापुरातील आमचे जुने घर पाडायला घेण्यापूर्वी माळा रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले. पितळेची भांडी नातलगांनी वाटून घेतली, पुस्तके वाचनालयाला दिली आणि उरलेले सामान भंगारवाल्याच्या तराजूवर चढत असताना पत्र्याच्या एका ट्रंकेत थोरल्या बंधूंचे एक खोके सापडले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दादांनी मुंबईहून आणलेला तो एअरफिक्स कंपनीचा, दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती जोडण्याचा प्लास्टिकचा किट होता. आत राखाडी रंगाचे सुटे भाग अजून चौकटीला लटकलेले होते, सूचनांचा कागद घडीवर फाटला होता आणि पंखाचे दोन अर्धे भाग तेवढे दादांनी चिकटवून ठेवले होते. पुढे त्यांना नोकरी लागली, बदल्या झाल्या आणि ते काम तिथेच थांबले. भंगारवाला म्हणाला, "हे प्लास्टिक किलोत धरतो." मी ते खोके परत घेतले. गेल्या आठवड्यापर्यंत ते विमान माझ्या टेबलावर होते. घरोघरी असे काही पडलेले असेल, ते फेकले जाऊ नये आणि नुसते जपून कुजवलेही जाऊ नये, ते बांधले जावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी उद्यमबागेतील एका फौंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने करणारा, म्हणून अडतीस वर्षे काम केले. त्यामुळे खोके उघडताच माझी नजर आधी विमानाकडे गेली नाही, ती त्या भागांच्या कडांवर गेली. कडेला नखाएवढी पातळ पापुद्र्यासारखी झालर होती. आम्ही तिला फ्लॅश म्हणतो. पोलादी साच्याचे दोन भाग नीट मिटले नाहीत, किंवा साचा वापरून झिजला, की वितळलेले पॉलिस्टायरिन, म्हणजे या किटचे प्लास्टिक, त्या फटीत शिरते आणि झालर होऊन बाहेर येते. वाळूच्या साच्यात बिडाचेही असेच होते. पंखाच्या जाड भागावर किंचित खळगे होते. जाड भाग उशिरा थंड होतो आणि आत आकसतो म्हणून ते पडतात, हे फौंड्रीतल्या कोणत्याही कामगाराला सांगावे लागत नाही. ज्या चौकटीला भाग लटकलेले असतात तिला मॉडेल बनवणारे सरसकट स्प्रू म्हणतात. आमच्या भाषेत रस ओतण्याची उभी वाट तेवढी स्प्रू, आडवी वाट रनर आणि भागाशी जोडणारे अरुंद तोंड म्हणजे गेट. ज्या शहरातील हजारो कुटुंबे ओतकामावर जगली, तेथील मुलाला हा फरक शंभर रुपयांच्या ब्लेडने आणि चिमट्याने हातात धरून शिकता येतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

जुना किट बांधताना ज्या अडचणी येतात त्या नव्या किटमध्ये येत नाहीत, म्हणून अनुभवाने जे कळले ते इथे सविस्तर नोंदवतो. सर्व भाग चौकटीवर असतानाच कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून मऊ ब्रशने धुवावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट थरावर रंग धरत नाही. भाग हाताने पिळून तोडू नये. जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते आणि गेटजवळ त्याचा टवका उडतो. त्या काळच्या किटवर पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेट उठावाने दाखवलेले असत, आजच्यासारखे कोरलेले नसत. त्यामुळे धडाच्या दोन अर्ध्या भागांमधील फट लांबीने (पुटीने) भरून वॉटर पेपरने घासली की शेजारची उठावाची रेघही पुसली जाते. पुष्कळ जण अशा वेळी सगळ्या रेघा घासून काढतात आणि सुईने नव्याने कोरतात. मी तसे केले नाही. पुसलेल्या तेवढ्या रेघा पातळ करून ताणलेल्या प्लास्टिकच्या धाग्याने पुन्हा बसवल्या, कारण त्या काळच्या कारागिराने साच्यात केलेले काम दिसत राहावे असे मला वाटले. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग तर मुळात पत्र्याचा नव्हताच. लाकडी पट्ट्यांवर कापड ताणून तो केलेला असे, आणि साचा करणाऱ्याने त्या पट्ट्यांचा हलका उठाव इतका नेमका पकडला आहे की बोट फिरवल्यावर कापडाखालच्या फासळ्या लागाव्यात तसा तो लागतो.

रंगाविषयी सावधगिरीचे दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका किटचा रंग पातळ करण्यासाठी मी गाड्यांच्या रंगाच्या एका दुकानातून थिनर आणला. दुकानदाराने "सगळ्याला चालतो" असे सांगितले आणि मी विश्वास ठेवला. पंखावर ब्रश फिरताच प्लास्टिक चिकट झाले आणि दहा मिनिटांत त्या पंखावर सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. तो पंख परत मिळाला नाही. लॅकरचा तीव्र थिनर पॉलिस्टायरिनला विरघळवतो, हे आधी एखाद्या चौकटीच्या तुकड्यावर लावून पाहिले असते तर कळले असते. एनॅमल रंगाला त्याचाच सौम्य थिनर घ्यावा आणि एका थरानंतर पूर्ण दिवसभर थांबावे. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग मुलांसाठी अधिक बरे, मात्र खाली प्रायमरचा थर हवा. शाळेतले पोस्टर कलर प्लास्टिकवर टिकत नाहीत, बोटाने निघतात. जुन्या काळच्या डब्यांतील रंगात शिसे असू शकते, म्हणून ते वापरू नयेत आणि जुना रंगवलेला थर कोरडा घासू नये. बेळगावच्या जून ते ऑगस्टच्या पावसात तर फवाऱ्याने रंग देऊच नये. हवेतील ओलाव्यामुळे लॅकरवर पांढरट धुरकट साय धरते. मी प्रायमर आणि फवाऱ्याचे काम पहिल्या पावसाआधी उरकले आणि बाकीचे रंगकाम खिडकीपाशी बसून ब्रशने केले.

हरिकेनच्या वरच्या अंगाला गडद मातकट आणि गडद हिरवा असे पट्टे आहेत, हम्ब्रॉल कंपनीच्या रंगांच्या डब्यांवर ज्यांचे क्रमांक २९ आणि ३० असत, आणि पोटाखाली फिकट हिरवट रंग. मला मात्र त्यावर वेगळेच चिन्ह रंगवायचे होते. आपल्या सांबऱ्याचा विमानतळ १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने महायुद्धासाठी बांधला आणि भारतीय हवाई दलाचे एअरमेन ट्रेनिंग स्कूल आजही तिथे आहे. त्याच युद्धात १९४४ साली इंफाळच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाचे पहिले स्क्वाड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेन विमाने घेऊन लढले आणि अर्जन सिंग यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. तिथल्या विमानांवरील गोल चिन्हातला लाल ठिपका काढून टाकलेला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि आपल्याच माणसाच्या गोळ्या आपल्याला लागण्याचा धोका होता. निळ्या गोलात फिकट निळा ठिपका असलेले ते चिन्ह रंगवावे असे मी ठरवून बसलो होतो. पण दादांच्या खोक्यातले विमान पहिल्या प्रकारचे, आठ यंत्रबंदुकांचे आहे. इंफाळची विमाने नंतरच्या मार्क दोन प्रकारची होती, त्यांचे नाक किंचित लांब होते. नाक न बदलता नुसते चिन्ह बदलणे मला पटले नाही. शेवटी खोक्यात होते तेच, लाल ठिपक्याचे चिन्ह लावले.

पाण्यात भिजवून कागदावरून सोडवायची ती चिन्हे चाळीस वर्षांत पिवळी पडली होती. ती छापलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेवर आतून चिकटवला आणि दहा-बारा दिवसांत पिवळेपणा बराच उतरला. नंतर त्यावर पारदर्शक वार्निशचा पातळ हात दिला, नाहीतर पाण्यात टाकल्याबरोबर जुन्या चिन्हाचे तुकडे होतात. जे चिन्ह लागणार नव्हते ते आधी पाण्यात सोडून पाहिले. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक काच मी साध्या फेविकॉलने बसवली. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते आणि ती पुसता येत नाही.

सगळ्यात शेवटी रेडिओची तार राहिली होती. चौकटीचा एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत धरावा. तो मधोमध चकाकू लागला की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ओढावा. केसाएवढा बारीक धागा निघतो आणि थंड होताच ताठ राहतो. त्या संध्याकाळी दादांना मी समोर बसवले होते. त्यांची नजर आता अधू झाली आहे. तो धागा विमानाच्या पाठीवरच्या तारेच्या खांबापासून शेपटीच्या दांड्यापर्यंत बसल्यावर त्यांनी बोटाच्या टोकाने तो चाचपला आणि म्हणाले, "हे मला तेव्हा जमलं नसतं." १/७२ या मापात एक इंच म्हणजे सहा फूट, त्यामुळे चाळीस फुटी पंखांचे ते लढाऊ विमान त्यांच्या तळहातावर बोटांच्या टोकांपर्यंत मावले.

आपल्याकडे दिवाळीत बेळगावच्या गल्लीगल्लीत मुले किल्ले बांधतात. त्यासाठी महिनाभर आधी माती, विटा, गोणपाट गोळा करतात, खऱ्या गडाचा नकाशा पाहून बुरूज कुठे आणि दरवाजा कोणत्या दिशेला हे भांडून ठरवतात. ज्या मुलांना तेवढी चिकाटी आहे त्यांना जुन्या किटवर महिनाभर बसणे अवघड जाणार नाही. परंतु किट परदेशी असल्याने आणि बऱ्याचदा महाग असल्याने तो सुरू कुठे करायचा हेच घरात कोणाला माहीत नसते. दुसरीकडे, सत्तर आणि ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याहून, बंगळुरूहून किंवा आखातातून आणलेले अर्धवट किट शहापूर, टिळकवाडी, खानापूर, निपाणीच्या घरांत पडलेले आहेत, याची माझी खात्री आहे. गेल्या महिन्यात या एका विमानाची हकिकत सांगितल्यावर माझ्या चारच ओळखीच्या घरांतून तीन खोकी बाहेर निघाली.

म्हणून माझी विनंती आहे की शहरातील आणि तालुक्यातील वाचनालयांनी व शाळांनी दसऱ्याच्या सुट्टीत एक टेबल, दोन खिडक्यांची हवेशीर खोली आणि रविवारचे तीन तास एवढे द्यावे. मुलांना ब्लेड हाताळताना मोठे माणूस शेजारी हवे, एवढीच अट आहे. ते माणूस म्हणून मी येईन. माझ्या फौंड्रीतील दोन जुने सहकारीही यायला तयार आहेत, त्यांपैकी एक मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, होते आणि फ्लॅश घासण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. ज्यांच्या माळ्यावर असे खोके आहे त्यांनी ते, भाग कमी असले तरी, घेऊन यावे. हरवलेला भाग प्लास्टिकच्या पट्टीतून कोरून करता येतो आणि त्या कामाला आम्हा तिघांची सगळी उमेद लागलेली आहे. दादांचे हरिकेन पहिल्या रविवारी टेबलावर ठेवण्यासाठी मी आणणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
अनगोळ, बेळगाव