खिळ्याला टांगलेले कॅलिपर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहरातल्या दिव्यांग साहित्यवाटप शिबिराची बातमी आपल्या अंकात वाचली. फोटोत एका तरुणाच्या मांडीवर कोरे करकरीत कॅलिपर, म्हणजे पायांना आधाराला बांधायच्या सळ्या-पट्टे, दिसले. तसलाच जोड आमच्या घरी सहा वर्षे खिळ्याला टांगलेला आहे. बायको त्यावर ओले पंचे वाळत घालते.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारा कारागीर, होतो. पत्र्यावरून पडलो, मणका मोडला, कमरेखाली सगळे गेले. मिळालेल्या कॅलिपरमध्ये गुडघे कुलूप लावून ताठ. कुबड्या पुढे टेकायच्या, सगळे अंग हातांवर उचलायचे आणि दोन्ही पाय एकदम झोकायचे. खाटेपासून उंबऱ्यापर्यंत जाईस्तोवर बनियन पिळून घ्यावे लागे. एप्रिलमधले तर विचारूच नका.

गेल्या वर्षी पुण्यात एका केंद्रात निराळाच प्रकार पाहिला. दोन्ही कॅलिपर कमरपट्ट्याला जोडलेले आणि पाठीमागे मधोमध खिळीवर फिरणारी आडवी दांडी. वजन एका पायावर कलवून छाती पुढे काढली की ती मांडी मागे जाते, दांडी फिरते आणि दुसरा, हलका झालेला पाय पुढे येतो. अमेरिकेत लुईझियाना राज्य विद्यापीठात १९८० च्या दशकात हेच काम तारांनी साधले होते. पुण्याच्या केंद्रातले साहेब समजावत होते आणि मला हसू फुटले. साध्या विणीच्या मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दोन चौकटी अशाच एकमेकींना बांधलेल्या असतात. एक खाली, तर दुसरी वर. जन्मभर मी तेच जुळवत आलो!

वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत, मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो. दम लागला, पण आधीसारखा जीव गेला नाही. व्हीलचेअर यानेही सुटत नाही. बाजारात जायला चाकेच बरी. मात्र उभे राहिले की बुडावरचा दाब सुटतो. ज्याला बसून जखमा झाल्यात, त्याला त्याची किंमत विचारा.

आता तक्रार. शिबिरात माप घेतात, साहित्य देतात, फोटो काढतात. पुढे पट्टा घासला तर? आम्हाला कमरेखाली संवेदनाच नाही. रक्त चादरीला लागल्यावर कळते. कोणत्या मणक्याला मार आहे, खांद्यांत जोर किती, हे पाहून कॅलिपर ठरवावे, काही आठवडे चालायला शिकवावे, सैल झाले की दुरुस्त करावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहेच. त्यासाठी प्रत्येक वेळी अडीचशे किलोमीटर पुणे गाठायचे का? रेल्वेच्या डब्यात मला चढवायला दोन माणसे लागतात.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस कॅलिपरचा तंत्रज्ञ आणि एक टेबल, एवढेच मागतो. रिबिटा बदलणे, बुश बसवणे ही कामे बसल्या जागी मी करून देईन. हत्यारांची पेटी अजून माझ्याकडेच आहे.

आपला,
एक जुना जॉबर, अशोक चौक, सोलापूर