गीतरामायणापुढचे पुणे केंद्र

महोदय,

जागतिक रेडिओ दिनाच्या (13 फेब्रुवारी) पुरवणीतला पुणे आकाशवाणीवरचा लेख वाचला. लेख चांगला, पण वळणाचे पाणी वळणावरच गेले. 2 ऑक्टोबर 1953 ला केंद्र सुरू झाले, 1955 च्या रामनवमीला गीतरामायण आले आणि मग एकदम आजचे आरजे!

गीतरामायण संपत आले होते त्याच दिवसांत, फेब्रुवारी ते एप्रिल 1956 मध्ये, या केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे नेमली. शेतीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस. ऐकून झाले की सेट बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचे. अडलेले प्रश्न केंद्राला लिहून कळवायचे. उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. 1959 मध्ये हीच पद्धत देशभर नेली गेली. याची रेकॉर्ड निघत नाही, म्हणून कुणी आठवण काढत नाही, इतकेच.

मग विविध भारती आली, 1 नोव्हेंबर 1967 पासून तिच्यावर जाहिराती आल्या, खूप नंतर खासगी एफएम. गाण्यांशी माझे भांडण नाही. धार काढताना गाणी मलाही लागतात. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. फार तर आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा ऐकवता येतात. म्हणजे रेडिओवर आपल्या भागाची बातमी आली तर ती आकाशवाणीकडूनच. जून 2023 मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचे ठरले आणि ओरड झाल्यावर ते थांबले, तेव्हा आमच्याकडे पारावर त्याचीच चर्चा होती.

‘अ‍ॅपवर ऐका’ हे उत्तर आम्हाला तोंडपाठ आहे. आमचे गाव डोंगराच्या कुशीत. एफएम खिंडीपर्यंत येते आणि तिथेच राहते. मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीजवळ. मध्यम लहरींवरचे 792 किलोहर्ट्झ मात्र डोंगर ओलांडून येते. त्यातही गंमत अशी, की घरात एलईडी दिवा किंवा चार्जर लावला की सेट नुसता खरखरतो. म्हणून सकाळी मी तो गोठ्यात खुंटीला अडकवतो. आवाज गेला तर सेटच थोडा फिरवायचा, कारण या लहरींची एरियल आत, फेराइटच्या दांडीवर असते. वर ओढायची तार एफएमची. नातवाला हे पटायला आठवडा लागला.

आपल्याकडे एक मागणी आहे. पूर्वी वर्तमानपत्रांत ‘आज आकाशवाणीवर’ म्हणून चार ओळी असायच्या. शेतीच्या कार्यक्रमात आज कोण बोलणार, विषय डाळिंबाचा की दुभत्या जनावरांचा, हे आदल्या दिवशी कळले तर माणूस त्या वेळी सेटजवळ बसतो. राशिभविष्याला आपण रोज पाव कॉलम देता. त्याखाली या चार ओळी सहज मावतील. अक्षर बारीक असले तरी चालेल, चष्मा आहे.

– एक श्रोता, भोर तालुका